आधी गोळ्यांची पिशवी ओता

पत्र

*ताई, आमचे हे ७३ वर्षांचे. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होते. मालवण-कणकवली मार्गावरचा टप्पा न् टप्पा, फुल तिकीट, हाफ तिकीट, सगळं तोंडपाठ. हल्ली चष्मा फ्रिजवर ठेवून घरभर शोधतात. ते मी मनावर घेत नव्हते. पण दसऱ्यापासून जास्तच झालंय. परवा बाजारात बांगडेवालीने परत दिलेले पैसे त्यांना मोजता येईनात. नोटा हातात धरून तिथेच उभे राहिले. टीव्हीचा आवाज तर शेजारच्या घरात ऐकू जातो.*

*चार वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. त्याच्या रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, बीपीची एक, शुगरसाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन, सकाळी ॲसिडिटीची आणि रात्री झोपेची अर्धी गोळी. पावसात सर्दीची गोळी असतेच. डोंबिवलीच्या मुलाने ऑनलाइन कॅप्सूल पाठवल्यात. डब्यावर 'गिंको' लिहिलंय, दोन महिन्यांचे १८०० रुपये. इथल्या मेडिकलमधून ब्राह्मी-शंखपुष्पीचं सिरप आणलंय. आठवडा बाजारात एका फिरत्या विक्रेत्याने स्मरणशक्तीच्या काळ्या गोळ्यांची पुडी दिलीय. तिन्ही एकदम द्यायचं का? त्रास तर काही होणार नाही ना? नाही दिलं तर मुलाला वाटेल, आईला बाबांचं काही पडलेलं नाही.*

*गणपतीच्या आधी खळ्यात शेवाळावरून घसरून त्यांचं डोकं जोत्यावर आपटलं होतं. पण टेंगूळ दोन दिवसांत उतरलं. असा हुशार माणूस नोटा धरून उभा राहिलेला बघवत नाही हो.*

*– मालवण तालुक्यातील एक वाचक*

उत्तर

ताई, तुमच्या प्रश्नांना मी उत्तरं देणार आहेच, पण त्याआधी तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात त्या गोष्टीबद्दल बोलते. गणपतीच्या आधी डोकं आपटलं आणि दसऱ्यापासून विसरणं वाढलं. मधे पाच-सहा आठवडे गेले. हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत हे अंतर मला घाबरवतं. या वयात मेंदू थोडा आक्रसलेला असतो. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये ताणल्या गेलेल्या बारीक शिरा साध्या आपटण्यानेही फुटू शकतात. रक्त थेंबाथेंबाने साचत राहतं. बाहेरचं टेंगूळ उतरतं, आत मात्र आठवड्यांनंतर दाब जाणवू लागतो. मग माणूस विसरतो, गोंधळतो, चालताना एका बाजूला झुकतो, दिवसा झोपाळल्यासारखा होतो, कधी डोकं दुखतं. बाहेरून बघणाऱ्याला ते म्हातारपणच वाटतं.

असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. मी फार्मासिस्ट आहे, तपासणं माझं काम नाही. पण हे आहे की नाही, ते डोक्याच्या सीटी स्कॅनने लगेच कळतं. असलंच, तर बऱ्याचदा छोट्या शस्त्रक्रियेने साचलेलं रक्त काढता येतं आणि माणूस पुष्कळ सावरतो. म्हणून हे उत्तर वाचून झालं की उद्याच त्यांना डॉक्टरांकडे न्या. 'डोकं आपटलं होतं आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत' हे पहिल्याच वाक्यात सांगा. मालवणात स्कॅन झाला नाही तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मधेच उलट्या सुरू झाल्या, बोलणं अडखळायला लागलं, एक हात-पाय लुळा पडला किंवा उठवूनही जाग येईना, तर उद्याचीही वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

एक गोष्ट मात्र करायची नाही. हे वाचून घाबरून स्टेंटच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. त्या अचानक सुटल्या तर हृदयाला धोका आहे. थांबवायच्या की चालू ठेवायच्या, ते डॉक्टर ठरवतील.

आता मुलाच्या कॅप्सूलकडे येते. गिंको हे मूळचं चीनमधलं झाड. त्याच्या पानांचा अर्क स्मरणशक्तीसाठी जगभर विकला जातो. तो खरंच उपयोगी पडतो का, हे तपासायला अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला. ७५ वर्षांवरची ३,०६९ माणसं घेतली. निम्म्यांना १२० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा दिला, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोण काय घेतंय हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. सरासरी सहा वर्षं हे चाललं आणि २००८ मध्ये निकाल आला. एकूण ५२३ जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झाला. गिंको घेणाऱ्यांत २७७, खोटी गोळी घेणाऱ्यांत २४६. म्हणजे गिंकोने कुणाला वाचवलं नाही. फ्रान्समध्ये सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या २,८५४ जणांवर पाच वर्षं असाच प्रयोग झाला, त्याचा निकाल २०१२ मध्ये आला. तिथेही गिंकोने अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार, टळला नाही.

धोक्याचं मोजमाप इतकं सरळ नाही. त्या अमेरिकेतल्या प्रयोगात रक्तस्राव ठळकपणे वाढल्याचं आढळलं नव्हतं. तरी गिंको घेणाऱ्यांना, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर घेणाऱ्यांना, रक्तस्राव झाल्याच्या घटना डॉक्टरांनी वेळोवेळी नोंदवल्या आहेत. रक्त गोठण्याच्या क्रियेत त्यातले काही घटक लुडबुड करतात. दोन गोळ्या चालू असलेल्या आणि डोकं आपटलेल्या माणसाला तिसरी अशी वस्तू कशाला द्यायची, जिचा फायदा एवढ्या मोठ्या प्रयोगात सापडला नाही? फायदा मोठा असता तर थोडा धोका पत्करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलता आलं असतं. इथे त्या पारड्यात ठेवायलाच काही नाही. डबा बंद करून ठेवा. टाकू नका, डॉक्टरांना दाखवायला न्या.

गिंको 'परदेशी' आहे, या शब्दाने मुलाला धीर आला असेल. माझ्या काउंटरवर रोज कुणी ना कुणी तो शब्द विश्वासाने उच्चारतं. पण अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार असं आहारपूरक (सप्लिमेंट) बाजारात आणण्याआधी ते उपयोगी आहे हे सरकारला सिद्ध करून दाखवावं लागत नाही. तिथे जेलीफिशमध्ये सापडणाऱ्या एका प्रथिनाची स्मरणशक्तीची गोळी वर्षानुवर्षं टीव्हीवर झळकत होती. २०१७ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणांनी कंपनीला कोर्टात खेचलं. 'याने स्मरणशक्ती सुधारते' असं म्हणायला कोर्टाने बंदी घातली तेव्हा २०२४ चा डिसेंबर उजाडला होता. जवळजवळ आठ वर्षं गेली, आणि तोवर लोक घेतच होते.

आपल्याकडे अशी पूरकं अन्न म्हणून नोंदली जातात, औषध म्हणून नाहीत. २०१६ च्या नियमांनुसार त्यांच्या लेबलवर 'औषधी उपयोगासाठी नाही' असं छापावं लागतं. तुमच्याकडचा डबा भारतात नोंदलेला असेल तर फिरवून बघा, बारीक इंग्रजी अक्षरांत हेच सापडेल. सोबत चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. कंपनीकडे अन्नपदार्थ विकायचा परवाना आहे, एवढाच त्याचा अर्थ. लोक तो आकडा बघून 'सरकारमान्य आहे हो' म्हणतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण त्यात त्यांची चूक नसते.

ब्राह्मीबद्दल मी इतकी कठोर होणार नाही. आपल्याकडे या नावाने दोन वनस्पती चालतात, हे आधी ध्यानात घ्या. विहिरीच्या पाटाकडेला पसरणारी, गोल पानांची, जिची चटणी करतात आणि काही घरांत जिला एकपानी म्हणतात, ती मंडूकपर्णी. छोट्या जाड पानांची, पाणथळ जागी येणारी, ती नीरब्राह्मी. स्मरणशक्तीवरचे माणसांवरचे प्रयोग बहुतेक या दुसरीवर झालेत. ऑस्ट्रेलियात ५५ वर्षांवरच्या ९८ निरोगी माणसांवर बारा आठवड्यांचा एक प्रयोग झाला. त्यात ऐकलेले शब्द थोड्या वेळाने आठवण्यात किंचित सुधारणा दिसली. बरोबरीने काहींना मळमळ, पोटात मुरडा आणि वारंवार शौचाला होण्याचा त्रासही झाला. म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. पण प्रयोग लहान, काळ तीन महिन्यांचा, माणसं आजारी नसलेली आणि दिलेला अर्क मोजून तयार केलेला. त्यावरून तुमच्या यजमानांच्या नोटा मोजण्यावर बाटलीतल्या दोन चमच्यांनी काय फरक पडेल, ते कुणालाही सांगता येणार नाही.

तुमच्या बाटलीत मला ब्राह्मीपेक्षा साखर जास्त खुपते. ही सिरपं बहुतेक साखरेच्या पाकात असतात. बारा वर्षं शुगर असलेल्या माणसाला सकाळ-संध्याकाळ पाक पाजायचा, हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही. चटणी आवडत असेल तर घरच्या पानांची चटणी पेजेबरोबर खुशाल खाऊ द्या. सिरप बंद करा.

शंखपुष्पीबद्दल एक आठवण करून द्यायला हवी, तुमच्यासाठी नाही तर हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांना दोन रुग्ण असे आढळले, ज्यांच्या फिट्स फेनिटॉइन या औषधाने आटोक्यात होत्या आणि शंखपुष्पीचं औषध सुरू केल्यावर पुन्हा येऊ लागल्या. त्यांनी उंदरांवर तपासलं, तर रक्तातलं फेनिटॉइन खाली गेलेलं दिसलं. १९९२ मध्ये ते छापून आलं. परीक्षेच्या दिवसांत मुलांसाठी ही बाटली डोळे मिटून नेली जाते. ज्या घरात कुणाला फिट येते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती आणू नये.

आणि ती काळी पुडी. तिच्यावर नाव नाही, घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. स्मरणशक्तीसाठी आयुर्वेदात 'स्मृतिसागर रस' नावाचा कल्प आहे. त्यात शुद्ध केलेला पारा, गंधक, हरताळ आणि मनःशिळा असते. हरताळ आणि मनःशिळा ही आर्सेनिकची संयुगं आहेत. अशा घटकांच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' असा इशारा छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या पुडीत हेच आहे की नुसता कोळसा आणि गूळ, ते कोण सांगणार? ती देऊ नका, मुलांच्या हाती लागेल अशी ठेवूही नका. आयुर्वेदावर विश्वास असेल तर शिकलेल्या वैद्यांकडे जा. त्यांच्यापुढे स्टेंटच्या आणि शुगरच्या सगळ्या गोळ्या मांडा, मग ते देतील ते घ्या. चांगला वैद्य आधी तेच विचारतो.

आता मला जे खरं सांगायचंय ते. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या आणि टेबलावर ओता. रोजच्या, कधीतरीच्या, सर्दीच्या, पोटाच्या, शेजाऱ्यांनी दिलेल्या, सगळ्या. यजमानांना आणखी एखादं औषध हवं की नको, हा प्रश्न नंतरचा. आज घेतात त्या गोळ्यांतली एखादी त्यांची स्मरणशक्ती खात तर नाही ना, हे मला आधी बघायचंय.

झोपेची अर्धी गोळी घ्या. कोकणात घरोघरी ती दिसते. आजारपणात कधीतरी दहा दिवसांसाठी लिहिलेली असते आणि दहा वर्षं चालू राहते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातल्या गोळ्यांनी ६५ च्या पुढच्या माणसाची आठवण मंदावते, सकाळी तोल जातो, माणूस पडतो. शेवाळ होतंच, पण ते घसरले ती वेळ सकाळची होती का, जरा आठवून बघा. ही गोळीही एकदम तोडायची नाही, नाहीतर झोप पार उडते, घबराट होते, क्वचित फिटही येते. हळूहळू कमी कशी करायची, ते डॉक्टर लिहून देतील.

सर्दीची गोळी त्याहून साळसूद. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. मेंदूत आठवण पक्की करायला ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन लागतं, आणि हे औषध त्याच्याच आड येतं. म्हणून ती घेतली की तोंड कोरडं पडतं आणि म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ उडतो. पावसाळाभर रोज एक घेणारा आणि सोबत स्मरणशक्तीची कॅप्सूल घेणारा माणूस मी पाहिलाय. दोन्ही मीच दिल्या होत्या. तेव्हा मी विचारलं नाही, ते मला आजही टोचतं.

आणि बी-१२. बारा वर्षं मेटफॉर्मिन, त्यावर रोजची ॲसिडिटीची गोळी. दोन्हींमुळे अन्नातलं बी-१२ शरीरात कमी शोषलं जातं. ते फार खाली गेलं की पायाला मुंग्या येतात, थकवा येतो आणि विसरायलाही होतं. रक्ताची साधी तपासणी आहे. कमी निघालं तर इंजेक्शन किंवा गोळ्या घ्याव्यात, तिथे त्या खरोखर औषध आहेत. मासे खाणाऱ्या घरात बी-१२ कमी नसणार, असं समजून बसू नका. ताटात आहे पण अंगी लागत नाही, अशी ही गोष्ट आहे. त्याच रक्तात थायरॉइड आणि सोडियमही बघायला सांगा. बीपीच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं आणि माणूस भांबावतो.

बी-१२ ची पातळी चांगली असेल तर मात्र वरून आणखी घेऊन हुशारी वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये हेच सांगितलं: डिमेन्शिया टाळण्यासाठी बी आणि ई जीवनसत्त्वं, ओमेगा-३ किंवा मिश्र पूरकं घ्यायची शिफारस नाही. ई जीवनसत्त्व जास्त मात्रेत रक्तस्रावाला हातभार लावतं, म्हणून तुमच्या घरी तेही नको. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलपेक्षा बांगडा आणि तारली चांगली. फक्त ताजी, बीपी आहे तर खारवलेली नको.

एक उलट बाजूचीही बातमी आहे, ती लपवणं बरोबर नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या २,२६२ जणांवर एक प्रयोग झाला, निकाल २०२२ मध्ये आला. तीन वर्षं रोज साधी मल्टिव्हिटॅमिन गोळी घेणाऱ्यांचं विचार-आठवणींच्या चाचण्यांतलं काम थोडं बरं राहिलं. हृदयविकार झालेल्यांत फरक जास्त दिसला. फायदा लहान आहे, आणि त्याने डिमेन्शिया टळतो असं त्यातून सिद्ध होत नाही. पण स्कॅन आणि तपासण्या होऊन डॉक्टर 'हरकत नाही' म्हणाले, तर डबा, बाटली आणि पुडी या तिन्हींपेक्षा ही स्वस्त गोळी मला बरी वाटेल.

टीव्हीच्या आवाजाबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. एकतीस वर्षं इंजिनाच्या आवाजात काढलेले कान ते. नीट ऐकूच आलं नाही तर आठवणार काय? ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर झालेल्या एका प्रयोगाचा निकाल २०२३ मध्ये आला. सगळ्यांना एकत्र धरलं तर श्रवणयंत्राने फरक दिसला नाही. पण ज्यांना हृदयविकारासारखे धोके जास्त होते, त्यांची बुद्धीची घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी मंदावली. तुमचे यजमान याच दुसऱ्या गटात बसतात. दोन-दोन महिन्यांचे १८०० रुपये साठवले तर श्रवणयंत्राकडे वाट जाते. कानात नुसता मळ निघाला तर तेवढेही लागणार नाहीत.

पैसे मोजता न येणं आणि चष्मा न सापडणं, या दोन गोष्टी तुम्ही वेगळ्या केल्यात ते अगदी बरोबर. जे काम त्यांनी आयुष्यभर केलं, तेच अडायला लागलं, म्हणून तपासायचं. स्कॅन नीट आला, रक्तही नीट निघालं आणि तरी असंच चाललं, तर डॉक्टर स्मरणशक्तीची चाचणी करतील. तेव्हा कदाचित डिमेन्शिया हा शब्द ऐकावा लागेल. त्यावर लिहून दिली जाणारी औषधं आहेत. ती आजार बरा करत नाहीत, काहींचे काही महिने सावरतात. तसं झालं तर मला पुन्हा लिहा, त्याबद्दल निवांत बोलू.

मुलाला फोन कराल तेव्हा 'तुझ्या कॅप्सूल नकोत' असं म्हणू नका. 'बाबांचं डोकं आपटलं होतं, तू दोन दिवस ये आणि तपासण्यांना सोबत राहा' असं म्हणा. त्याने कॅप्सूल पाठवल्या कारण डोंबिवलीतून त्याला दुसरं काही करता येत नव्हतं. त्याला करण्यासारखं काम द्या: स्कॅनच्या रांगेत उभं राहायला, रिपोर्ट वाचायला, कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला. आईला काही पडलेलं नाही असं तो म्हणेल, ही भीती सोडा. नोटा धरून उभे राहिलेले ते तुम्ही पाहिलेत आणि आमच्यापर्यंत लिहून पोचवलंत.

स्कॅनचं काय झालं ते दोन ओळींत कळवा. तोवर डबा, बाटली आणि पुडी, तिन्ही बंद. पिशवी भरताना फ्रिजच्या दारातल्या सर्दीच्या गोळ्या विसरू नका.